सातवं कडवं आणि सातवी खाच

मुक्काम हिकरी टेकडी, लँकेस्टर परगणा, पेनसिल्वेनिया
कापणीनंतरचा दुसरा मंगळवार, १७७१

तीर्थस्वरूप बाल्थासार भावोजी यांच्या चरणी (दोहोंपैकी ज्या चरणाला या आठवड्यात सूज नसेल त्या चरणी) धाकटी भावजय अपोलोनिया हिचा वाकून नमस्कार. तुमचा संधिवात, जाऊबाईंची दाढ आणि दुकानाच्या छपराची गळती या तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करते. इकडे मी खुशाल आहे. तुमच्या पत्राचा सूर पाहता मी खुशाल नसावी असा तुमचा अंदाज दिसतो, म्हणून मुद्दाम कळवते. गाय व्याली, सफरचंदाच्या फोडी छपरावर वाळताहेत, आणि धुराच्या खोलीत डुकराच्या मांड्यांशेजारी मेपलच्या तीन फळ्या टांगल्या आहेत, म्हणजे पुढल्या तीन बंदुकांच्या दस्त्यांची सोय झाली.

आता तुमचं पत्र. येऊन महिना झाला, उत्तराला उशीर झाला, पण मी कामात होते (कोणत्या कामात ते पुढे येईलच). गाडीवान योस्टने ते हातात देताना डोक्यावरची टोपी काढली. पाकिटाची जाडी बघून त्याला वाटलं, कुणीतरी गेलं. आपण लिहिता, की तुमचा भाऊ लॉरेन्झ जाऊन दोन महिने झाले, बाईच्या हातून बंदूक घडल्याचं जगाच्या आरंभापासून कुणी ऐकलेलं नाही, सबब ऑक्टोबरात तुम्ही आणि चिरंजीव वेल्टेन चार घोड्यांची गाडी घेऊन याल आणि नळीत खाचा पाडायचा बाक फिलाडेल्फियाला न्याल. कारण बाक मामंजींचा, बाकावरच्या ओंडक्यातला पीळ म्हणजे ओबरहोल्ट्झ घराण्याचं गुपित, आणि घराण्याचं गुपित परक्या घरच्या लेकीच्या हाती राहू नये. भावोजी, या घराचा उंबरठा ओलांडून मला तेवीस वर्षं झाली. आणखी किती वर्षांनी मी परकी राहणार नाही, तेवढं उलट टपाली कळवावं.

बाक मिळणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तुम्हाला निवांत वाचता येईल.

गुपिताचं म्हणाल, तर त्यावर मी तीन दिवस हसत होते. मामंजींनी त्या ओंडक्यावर सात पिळदार खाचा कोरल्या, नळीच्या लांबीत जेमतेम एक फेरा घेणाऱ्या, हे खरं. ओंडका पुढे सरकला की त्या खाचांमुळे फिरतो, त्याला जोडलेली हिकरीच्या चिवट लाकडाची काठी फिरते, काठीच्या टोकाचा पोलादी दाता नळीच्या आत तसाच पीळ ओरखडत जातो, आणि म्हणून गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. हेही खरं. पण मग तो पीळ प्रत्येक नळीत उतरला ना? आणि ती नळी तुमच्या भावाने गिऱ्हाइकाच्या हातात दिली ना? जिच्याकडे आमची एक बंदूक आणि वाटीभर शिसं असेल अशी कोणतीही म्हातारी नळीत शिसं ओतून, थंड करून, ओढून काढील आणि तुमच्या घराण्याचं गुपित चुलीवर मांडून ठेवील. तेवीस वर्षांत दीडशे बंदुका गेल्या. गुपित आता डोंगरापलीकडे हरणांमागे फिरतंय.

शिवाय बाक न्यायचा कसा, याचा विचार चिरंजिवांनी केलाय का? तो साडेबारा फूट लांब, अखंड ओकचा. आमच्या दाराबाहेर लगेच विहिरीचा कठडा आहे. मामंजींनी आधी बाक ठोकला आणि मग त्याच्याभोवती दुकान बांधलं (मामंजी कुठलीही गोष्ट उलट क्रमाने करत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक). तेव्हा गाडीबरोबर पहार आणा, भिंत पाडा आणि मग ती बांधून द्या. तोवर दारात मी उभी असेन.

आणि तुम्ही म्हणता तो बाक ओढला कुणी? तुम्ही एकदा ओढलात, लॉरेन्झच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, पाहुण्यांना दाखवायला. नंतर दोन दिवस तुमचा खांदा शेकावा लागला. मूठ दोघांनी धरायची असते. त्या बाजूला लॉरेन्झ, या बाजूला मी, आणि मोजायला आमचं स्तोत्र. चर्चमध्ये गातो तेच. त्याची कडवी सात, नळीच्या खाचा सात. एका कडव्याच्या ओळी आठ, तेवढ्या वेळा ओढायचं की एक खाच झाली, की ओंडका एक घर फिरवायचा आणि पुढचं कडवं. सातवं संपलं, ‘आमेन’ म्हटलं, की दाता केसभर वर उचलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा चाळीस फेऱ्या. नळी तयार व्हायची आणि आमची प्रार्थनाही भरपूर व्हायची. लॉरेन्झ म्हणायचा, आपण स्वर्गात गेलो तर बंदुकांच्या पुण्याईवर जाऊ. पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळणं, बोट बोट जोडत नळी करणं, तिला आठ पैलू देणं हे त्याचं. दस्ता कोरणं, त्यात चिंध्या ठेवायची पितळी डबी बसवणं, तेजाबाने रंगवणं आणि अर्धा बाक हे माझं. आता यातलं बाईने काय केलं नव्हतं ते तुम्हीच शोधा.

तर लॉरेन्झ गेला तेव्हा एक बंदूक अर्धी राहिली होती. डूगल मॅकइल्हेनी नावाच्या शिकाऱ्याची. तो दर हिवाळ्यात डोंगरापलीकडे हरणांच्या कातड्यांसाठी जातो. नळी भोक पाडून तयार होती, खाचा व्हायच्या होत्या. घरात कारागीर एकच, मेल्कियोर श्टुम्प. तुम्ही त्याला पाहिलंय, ज्याच्या ताटातला कोबी कधी संपत नाही, कारण तो पुन्हा वाढून घेतो. लॉरेन्झच्या चाळिसाव्या दिवशी त्याने ताटावरून मान वर न करता मला मागणी घातली. जुन्या देशातली रीत आहे म्हणाला, मालक गेला की कारागिराने विधवेशी लग्न करायचं, म्हणजे दुकान चालू राहतं. “दुकान चांगलं आहे बाई,” तो म्हणाला, “आणि तुम्हीही चालाल.”

मी म्हटलं, “आधी मॅकइल्हेनीची नळी पुरी कर. मग कोण चालतं ते बघू.”

त्याला वाटलं, ठरलंच. मला म्हणाला, बाक मी एकटाच ओढतो, तुम्ही स्वयंपाकाचं पाहा, आता सवय करा. चार दिवस दुकानातून स्तोत्राचा आवाज येत होता. चाल आमचीच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. (इथेच चुकले. हे कबूल करते, म्हणजे पुढचं काही कबूल करावं लागणार नाही.) पाचव्या दिवशी त्याने नळी आणून दाखवली. आतून पाहिलं, तर तेलात सगळंच चकचकीत. पण माझ्या मनाला काही पटेना. नळीत शिसं ओतलं, थंड केलं, ओढून काढलं. एका बाजूने छान धारा, आणि एका जागी गुळगुळीत टक्कल. धारा सहा! सातव्या जागी नुसता ओरखडासुद्धा नाही.

भावोजी, तुम्ही फिलाडेल्फियाला राहता, तिथे ज्याचं त्याचं चर्च वेगळं. आमच्याकडे आम्हा लुथरवाल्यांना आणि रिफॉर्मवाल्यांना मिळून एकच चर्च, एकच शेगडी. एक रविवार आमचा, एक त्यांचा. स्तोत्रं बरीचशी तीच, चाली त्याच, फक्त पुस्तकं दोन. मेल्कियोर रिफॉर्मवाला. आणि त्यांच्या पुस्तकातून कुणा सभ्य माणसाने त्या स्तोत्राचं सातवं कडवं गाळलंय! म्हणजे हा बाबा सहा कडवी म्हणायचा, सहा खाचा ओढायचा, ‘आमेन’ म्हणायचा आणि भक्तिभावाने ओंडका उलटा फिरवून पुन्हा पहिल्या खाचेवर यायचा. चाळीस वेळा. चार दिवस. सात वर्षं या घरात काम करून त्याला खाचा किती ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण ओंडका त्याने कधी फिरवला नव्हता, ते लॉरेन्झ करायचा, हा नुसता भाता ओढायचा. मी त्याच्यापुढे शिसं धरलं. त्याने बोट फिरवून धारा मोजल्या आणि म्हणाला, “आमच्यात सहाच असतात.”

“मोक्षाला सहा पुरत असतील,” मी म्हटलं, “गोळीला सात लागतात. आणि लग्नाचं म्हणशील, तर ज्याला सात मोजता येत नाहीत त्याच्या हाती मी दुकान देणार नाही.” तो कातडी पिशवी उचलून त्याच दुपारी निघून गेला आणि तालुकाभर सांगत सुटला, की ओबरहोल्ट्झची बाई नळ्या नासते.

नासलेली नळी टाकून द्यायची माझी ऐपत नाही आणि स्वभावही नाही. उपाय एकच होता. दाता पार खाली उतरवून फक्त सातवी खाच पहिल्यापासून ओढायची. आणि सातव्या खाचेला कडवं कोणतं? सातवंच. दुसरं म्हटलं तर माझे हात चुकतात, तेवीस वर्षांची सवय. ते कडवं तुम्हाला आठवत असेल: देवा, दुष्टांचे जबडे मोड, त्यांचे दात त्यांच्या घशात घाल, त्यांचं छप्पर वाऱ्यावर उडव, असं आठ ओळी चढत जातं. जुलै महिना, खिडक्या उघड्या, आणि मी एकटी त्या बाकावर ओरडून गातेय. चाळीस वेळा. पहिल्या दिवशी त्या टोकाला मूठ रिकामी हलताना पाहून मला रडू आलं. लॉरेन्झला पुरतानासुद्धा इतकं आलं नव्हतं. दोन फेऱ्या रडत ओढल्या. मग पाहिलं, तर रडताना खाच चांगली पडत होती, कारण हात घाई करत नव्हता. म्हणून डोळे पुसले आणि तेवढ्याच संथपणे पुढे ओढत राहिले.

गावाला वाटलं, मी मेल्कियोरला शाप देतेय. (काहींना वाटलं, तुम्हाला. योस्टने तुमच्या पत्राची जाडी सगळीकडे सांगितली होती.) तिसऱ्या दिवशी पाद्रीबुवा आले. भले गृहस्थ, फार मऊ आवाजात म्हणाले, “अपोलोनिया, क्षमेचंही एखादं कडवं असतं.” मी म्हटलं, “असतं ना, चौथं. पण चौथी खाच झालीय.” ते विचार करत बाजूच्या दस्त्यावर हात टेकून उभे राहिले. त्या दस्त्याला मी नुकतंच तेजाब पुसलं होतं, तापलेली सळई फिरवून लाकडातले वाघाचे पट्टे उठवायचे बाकी होते. मी ओरडेपर्यंत उशीर झाला. धुतलं लगेच, इजा काही झाली नाही. पण तेजाबाचा रंग कातडीवरून साबणाने जात नाही. आमच्या वाट्याचे गेले दोन रविवार पाद्रीबुवा हात उंचावून आशीर्वाद देतात तेव्हा पाच पिवळीधमक बोटं दिसतात. लोक खाली मान घालतात, ती भक्तीने असं ते समजतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला योस्टच्या गाडीतून मॅकइल्हेनी आला. उंच, लाल दाढी, बोलायला कंजूष. मेल्कियोरचं सगळं त्याने वाटेतच ऐकलं होतं. त्याने बंदूक उचलली, तोलली आणि योस्टला विचारलं, “बाईने केलीय?”

“बाई इथेच उभी आहे,” मी म्हटलं.

चाचणी ठरली. ओढ्यापलीकडे शंभर पावलांवर जळक्या फळीवर खडूची फुली. अर्धं गाव जमलं, मेल्कियोर सगळ्यांत पुढे. मला ठाऊक होतं, की ही बंदूक परत आली तर परगण्यात पुन्हा कुणी माझ्या दारात येणार नाही, आणि ऑक्टोबरात तुमच्या गाडीपुढे उभं राहायला माझ्या पायांत बळ उरणार नाही. भीती वाटली. लिहायला लाज कसली. त्याने दारू भरली, चरबी लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून ठासली, रंजकीची चिमूटभर बारीक दारू घातली, घोडा ओढला आणि बार टाकला.

गोळी फुलीच्या वीतभर डावीकडे. मेल्कियोर हसला. त्याच्यामागून सगळे हसले. आता नवी बंदूक पहिल्याच गोळीला फुलीवर लागत नसते, हे त्या मेल्याला चांगलं ठाऊक आहे. नेम धरायची मागची खाच, म्हणजे नेमखाच, हातोडीने सरकवून बसवावीच लागते. पण ते बोलला नाही. मी हातोडी घेऊन सगळ्यांसमोरून चालत गेले, नेमखाच एक टोला मारून उजवीकडे सरकवली आणि म्हटलं, “आणखी एक.” ती चार बोटं डावीकडे. पुन्हा एक टोला, पहिल्यापेक्षा हलका. तिसरी गोळी फुलीच्या मधोमध. मॅकइल्हेनीने चौथी भरून बार टाकला. फळी आणली, तर तिसऱ्या आणि चौथ्या गोळीचं भोक एकच होतं. मेल्कियोर टोपी शोधायला लागला. ती त्याच्या डोक्यावरच होती.

मग गिऱ्हाइकाने नळीवरून अंगठा फिरवला. “नाव नाही घातलं?”

“घालते. माझं.”

“लॉरेन्झचं घाल,” तो म्हणाला. “बाईची बंदूक म्हणून डोंगरापलीकडे मला हसतील.”

“हसणाऱ्याला शंभर पावलांवर उभं कर.”

तो हसला नाही. या लोकांना हसू यायला अर्धा दिवस लागतो. “नुसतं ‘अ’ घाल की. कुणाला काय कळतंय.”

मी म्हटलं, “नाही. पुरं नाव नको असेल तर बंदूक ठेव आणि जा.” तो दस्त्यावरचे पट्टे बघत उभा राहिला, डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाला, “काय घालायचं ते घाल बाई. पण लवकर, मला आजच्या उजेडात नदी उतरायचीय.” सबब माझं ‘अपोलोनिया ओबरहोल्ट्झ’ हे पुरं नाव त्या बंदुकीच्या वरच्या पैलूवर आहे. नाव लांब आहे, पण नळीही चव्वेचाळीस इंची आहे.

लॉरेन्झवर मी रागावलेली नाही असं नाही. मूठ दोघांनी ओढली आणि नाव एकट्याचं पडत गेलं. मी म्हटलं असतं तर त्याने माझंही घातलं असतं, तसा तो होता. पण मी कधी म्हटलं नाही, आणि त्याला कधी सुचलं नाही. आता विचारायला तो नाही, म्हणून मी कुणालाच विचारलं नाही.

तेव्हा भावोजी, ऑक्टोबरात या, जरूर या. वाळल्या सफरचंदांची आणि मांडीच्या मांसाची उकड करीन, गरम बिछाना देईन, पायाला शेक देईन. येताना तुमच्या दुकानातले विलायती चकमकीचे खटके तीन आणा, चांगले निवडून. परत जाताना गाडी रिकामी जाईल, एवढी तयारी ठेवा. जाऊबाईंना नमस्कार, वेल्टेनला आशीर्वाद.

आपली (बाकाचा विषय सोडून बाकी सर्व बाबतीत) आज्ञाधारक भावजय,
अपोलोनिया

ता. क. मेल्कियोर परवा परत आला. दारात उभा राहून सातवं कडवं म्हणून दाखवलं, एकही चूक नाही. पगारी कारागीर म्हणून ठेवलाय. लग्नाचा विषय त्याने काढला नाही, कोबी मात्र तीनदा घेतला.

आणखी एक. मी तुमच्या पत्राच्या फक्त पहिल्या पानाला उत्तर दिलं हे तुमच्या लक्षात आलं असेल. उरलेल्या आठ पानांत काय होतं ते मला ठाऊक नाही. त्याचं असं झालं, की दाता केसभर वर उचलायचा तर दर फेरीला त्याच्याखाली कागदाची एक पट्टी सरकवावी लागते. इकडचा कागद म्हणजे घोंगडी, एक पट्टी जाड तर एक पातळ. सातव्या खाचेला चांगला कागद कुठून आणू या विवंचनेत मी बाकावर बसले असताना योस्टने तुमचं पत्र आणून दिलं. पहिलं पान वाचलं. मग दुसरं हाताला लागलं. तो कागद काय सुरेख, विलायती, पातळ, एकसारखा! कात्री घेतली. आठ पानांच्या बरोब्बर चाळीस पट्ट्या झाल्या. आता मॅकइल्हेनीच्या भावालाही तशीच बंदूक हवीय. तरी कृपा करून माझ्या या पत्रावर रागावून सविस्तर उत्तर लिहावं, त्याच कागदावर आणि एकाच बाजूला, कारण दोन्हीकडे शाई असली की कागद फुगतो. नऊ पानं पुरेत. मजकूर काहीही चालेल.